तुम्ही विचारलंत म्हणून: आयुष्यभर विषच केलंत, मन खात नाही का?

महाविद्यालयांत बोलायला बोलावतात तेव्हा शेवटी एक हात हमखास वर जातो. "सर, तुम्ही छत्तीस वर्षं कीटकनाशकांवर संशोधन केलंत. म्हणजे विषच ना? कधी मन खाल्लं नाही का?" तिथे दोन मिनिटांत जे बोलतो, त्यानं माझंच समाधान होत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

दर्यापूर तालुक्यात आमची कोरडवाहू कपाशी. साठच्या दशकात वडील एंड्रीन नावाचं कीटकनाशक आणायचे. बादलीभर पाण्यात झाकणानं मोजून ते ओतायचे आणि कुंपणातली तुराटी उपसून ढवळायचे. पाणी बघता बघता दुधासारखं पांढरं व्हायचं. असं का होतं, हे मी वडिलांना विचारलं, गुरुजींना विचारलं, कुणाला सांगता आलं नाही. माझं रसायनशास्त्र त्या बादलीपाशी सुरू झालं. आमच्याकडे त्याला विष कुणी म्हणत नाही, औषध म्हणतात. औषध मारलं म्हणजे फवारणी केली. आणि गावात कुणाच्या घरासमोर गर्दी दिसली, "औषध घेतलं" एवढंच कानावर आलं, की पुढचं विचारावं लागत नसे. शब्द तोच.

१९७५ साली पुण्याला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रुजू झालो, तेव्हा आमच्या क्षेत्रात सगळ्यांच्या तोंडी एकच विषय होता: पायरेथ्रॉइड, म्हणजे एका फुलातल्या कीटकनाशक द्रव्याच्या धर्तीवर प्रयोगशाळेत केलेले रेणू. शेवंतीच्या कुळातल्या एका पांढऱ्या फुलाची पूड किडे मारते, हे जुनंच ज्ञान. त्यातल्या रेणूंची रचना स्टाउडिंगर आणि रुझिच्का यांनी उलगडली आणि १९२४ साली प्रसिद्ध केली. पण हे फुलातलं द्रव्य उन्हात टिकत नाही, शेतात ते काय कामाचं? इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात मायकेल इलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेणूचे नाजूक भाग एकेक करून बदलले. १९७३ मध्ये परमेथ्रिन आलं, पाठोपाठ सायपरमेथ्रिन आणि डेल्टामेथ्रिन. ही रसायनं उन्हात टिकत होती. डीडीटी किंवा कार्बारिल हेक्टरी किलोच्या मापात लागायचं, तिथे डेल्टामेथ्रिनचे दहा-बारा ग्रॅम पुरत होते. माझ्या डोळ्यांसमोर वडिलांची बादली होती. किलोच्या जागी ग्रॅम! याहून मोठं काम मला त्या वयात दुसरं सुचलं नसतं.

यातली खरी अडचण हाताची असते. डाव्या पायाचा जोडा उजव्या पायात बसत नाही, तसे रेणूही डावे-उजवे असतात. सायपरमेथ्रिनमध्ये अशा तीन जागा आहेत, म्हणून त्याची आठ रूपं होतात. किडीच्या मज्जातंतूतली सोडियमची दारं उघडी धरून ठेवायचं काम त्यातली दोन रूपं जोमानं करतात, बाकीची जवळजवळ निकामी. कारखान्यात मात्र आठही एकत्र तयार होतात, आठही बाटलीत जातात, आणि पाठीवर पंप घेतलेला माणूस आठही वाहून नेतो, शेतात सोडतो. डेल्टामेथ्रिन म्हणजे अशा आठांतलं नेमकं एक रूप. ते हवं तर सुरुवातीलाच योग्य हाताचा कच्चा माल हवा.

तो हिमालयाच्या पायथ्याला होता. तिथल्या चीड वृक्षांच्या टर्पेंटाइनमध्ये कॅरीन नावाचं द्रव्य भरपूर असतं, आणि तीन कार्बनचं जे कडं आम्हाला हवं होतं ते झाडानं त्यात आयतंच, बरोब्बर हाताचं करून ठेवलेलं. आपल्या देशात या कॅरीनवर बरंच काम झालं, त्यात थोडं माझंही. कोरडा बर्फ आणि ॲसिटोनच्या थाळीत, उणे अठ्ठ्याहत्तर अंशांवर, कॅरीनच्या द्रावणातून ओझोन सोडायचा. तासभर काहीच दिसत नाही. मग द्रावणावर अगदी फिकी निळाई चढते. ओझोन उरायला लागला, म्हणजे सहा कार्बनचं कडं तुटलं आणि तीनांचं शाबूत राहिलं. मी ते शेकडो वेळा पाहिलं असेल, पण त्या निळाईपाशी जाऊन उभं राहायची घाई मला निवृत्तीपर्यंत असायची.

कॅरीनपासून असं एकच कामाचं रूप शुद्ध करून दाखवलं तेव्हा एका कंपनीचे लोक येऊन गेले. खर्चाचं गणित बसत नाही म्हणाले. निकामी रूपं फेकायला पैसे पडतात, बाटलीत ठेवायला पडत नाहीत. त्या वाक्याचा राग मला आजही येतो.

त्याआधीच भोपाळ झालं होतं. २ डिसेंबर १९८४ ची रात्र. तिथे कार्बारिल बनायचं. तेच कार्बारिल दुसऱ्या वाटेनंही करता येतं: नॅफ्थॉलची आधी फॉस्जीनशी क्रिया करायची, मग मेथिलअमाइनशी. फॉस्जीन त्याही वाटेवर घातकच, पण भोपाळला गळालेला मेथिल आयसोसायनेट टाक्या भरभरून साठवावा लागत नाही. पायऱ्यांचा क्रम बदलला तर काय बदलतं, हे मी तोवर फक्त उताऱ्याच्या टक्क्यांत मोजत होतो. त्या आठवड्यात वहीत काही लिहू शकलो नाही.

१९८७ साली आंध्रच्या कपाशीत हिरवी बोंडअळी पायरेथ्रॉइडला दाद देईना. फवारणीवर फवारणी झाली, अळी खातच राहिली. मोजक्या वर्षांत तिनं आमच्या रेणूंवर मात केली होती. इथून माझं मन हळूहळू मारण्याच्या रसायनातून निघालं आणि गंधाच्या रसायनाकडे गेलं.

मादी पतंग नराला बोलावते ती गंधानं. जर्मनीत बुटेनांट यांनी रेशीमकिड्याच्या पाच लाख माद्यांमधून जेमतेम काही मिलिग्रॅम द्रव्य वेगळं केलं आणि १९५९ मध्ये त्याची रचना सांगितली. गुलाबी बोंडअळीचा गंध १९७३ मध्ये उलगडला: सोळा कार्बनची साखळी, त्यात सातव्या आणि अकराव्या जागी दुहेरी बंध. मी तो करायला घेतला. दुहेरी बंधापाशी साखळी दोनपैकी एका तऱ्हेनं वळते. सातवा बंध एकाच वळणाचा हवा, तो झाला. अकरावाही मी जिवापाड शुद्ध केला, नव्वद टक्क्यांहून अधिक एकाच वळणाचा. आम्हा संश्लेषण करणाऱ्यांची आयुष्यभराची सवयच ती. रबराच्या लहानशा बुचात काही मिलिग्रॅम भरून ते ल्यूर, म्हणजे गंधाची आमिषं, गावी नेले, पुतण्याच्या कपाशीत नरसाळ्याचे सापळे लावले. सकाळी वहिनींनी एकेक पिशवी उलटी करून दाखवली. तीन दिवसांत दोन पतंग.

या पतंगाला अकराव्या जागी दोन्ही वळणं सारखीच लागतात, निम्मी-निम्मी. छापील निबंधात ते लिहिलेलं होतं, मी वाचलंही होतं. पण जितकं शुद्ध तितकं चांगलं, हे हातात इतकं मुरलेलं, की वाचलेलं हातापर्यंत पोचलं नव्हतं. पुण्याला परतलो, दुहेरी बंध जोडणाऱ्या विटिग क्रियेची परिस्थिती बदलली आणि पहिल्यांदाच ठरवून मिश्रण केलं. पुढच्या खेपेला वहिनींनी पिशवी झटकली तेव्हा कागदावर राखाडी-तपकिरी पतंगांचा थर पडला. सगळे नर. त्यांच्या पंखांचा भुगा बोटांना लागला होता. माझ्या नावावर जे काही छापलं गेलं आहे, त्या सगळ्यापेक्षा मला तो कागद मोलाचा वाटतो.

आता मन खाण्याबद्दल. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो माणसांना विषबाधा झाली, वीसहून अधिक दगावली. त्या दिवसांत माझ्या आतेभावाचा मुलगाही एका दवाखान्यात होता. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, दोन औषधं एकत्र कालवलेली, तोंडाला रुमाल, अंगातला सदरा घामानं आणि फवाऱ्यानं ओला. त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीच्या कीटकनाशकांच्या विषबाधेची ती खूण पुस्तकात पाठ केलेली, माणसात पहिल्यांदा पाहिली. उतारा म्हणून ॲट्रोपिन चालू होतं. बाहेर बाकावर त्याची आई बसली होती. मला म्हणाली, "भाऊजी, हे औषध तुमीच लोक बनवता ना जी?"

ते औषध माझं नव्हतं, माझ्या कामाच्या जातीचंही नव्हतं. हे सांगता आलं असतं. मी हो म्हणालो.

तर हो, मन खातं. संशोधनाबद्दल नाही. ते रेणू मी प्रेमानं केले, आणि किलोचे ग्रॅम झाले ते माणसांच्या भल्याचंच होतं, असं मी आजही मानतो. खातं ते हे, की छत्तीस वर्षांत उणे अठ्ठ्याहत्तर अंशांवरची निळाई मी शेकडो वेळा पाहिली, आणि फवारणाऱ्या माणसाच्या मागे सरीतून एकदाही चाललो नाही. बाटलीचं बूच लागलं की माझं काम संपलं, असं मी धरून चाललो होतो. कपाशीवाल्याच्या घरात जन्मलेल्या माणसानं!

तो मुलगा बरा झाला. आता त्याच्याकडे एकरी दोन कामगंध सापळे असतात. सलग तीन दिवस सापळ्यामागे रोज आठ पतंग आले तरच फवारणीचा विचार करायचा, असं आमचं ठरलेलं आहे. कपाशीला पात्या लागल्या की रोज सकाळी सातच्या सुमारास त्याचा फोन येतो.

"काका, काल तीन होते. आज पाच."

"अजून थांब," मी सांगतो, आणि आकडा वहीत लिहून ठेवतो.