ऐरोलीतली खिम्याची जर्की

आज जमली एकदाची! मटणाच्या खिम्याची जर्की (म्हणजे वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या), आगरी मसाला आणि कोकमाच्या आगळात मुरवलेली.

१ किलो मांडीचं मटण, मटणवाल्या मामांसमोर उभं राहून चरबी काढून घेतली. चरबी राहिली की वाळवलेलं मांस लवकर खवट होतं. आगळ खारट, म्हणून मीठ बेतानंच. रात्रभर फ्रीजमध्ये मुरलं. सकाळी दोन बटर पेपरमध्ये ठेवून जेमतेम ५ मिलिमीटर जाडीचं लाटलं आणि पट्ट्या कापल्या.

करणाऱ्यांना कळकळीनं सांगते, खिम्यात जंतू फक्त वरवर नसतात, दळताना आतपर्यंत मिसळतात. आधी मंद आचेवर वाळवलं तर कोरड्या मांसातले जंतू नंतरच्या उष्णतेलाही सहज मरत नाहीत. म्हणून मी आधी ओव्हनमध्ये पट्ट्या ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापू दिल्या (चिकन असेल तर ७४). पातळ पट्टीत थर्मामीटरची सुई टिकत नाही, म्हणून एक पट्टी सुईभोवती गुंडाळून मोजलं. मगच डिहायड्रेटरमध्ये (पदार्थ वाळवायच्या यंत्रात) ६० अंशांवर. थर्मामीटर नसेल तर करूच नका. आणि खाडीकाठच्या या दमट हवेत गच्चीवर वाळवायचा विचारही नको.

सहा तासांनी पट्टी वाकवली. वर बारीक भेगा पडल्या, तुटली मात्र नाही. हेच हवं होतं! सुटलेलं तेल टिपून डबा फ्रीजमध्ये ठेवला.

आई दिवाळे कोळीवाड्यातली, बोंबील वाळवण्यात वाढलेली. तिनं एक तुकडा बराच वेळ चघळला. "चांगलं सुकलंय गं," म्हणाली आणि दुसरी पट्टी उचलली.