आई, सिंह आणि काट्यांची कुपाटी

रोवणी आटोपली, ताडोब्याच्या कोअरची, म्हणजे आतल्या गाभ्याच्या जंगलाची, सफारी पावसाळ्यासाठी बंद झाली आणि ऑगस्टात मी आईला घेऊन नैरोबीला गेले. धाकटा भाऊ तिथं एका कंपनीत हिशेब सांभाळतो. दोन वर्षांपासून मागं लागला होता. मी ताडोब्यात गाइड आहे. केनियातलं मसाई माराचं राखीव जंगल पाहायला मिळणार म्हटल्यावर मला दोन रात्री झोप लागली नाही.

नैरोबीहून माराच्या सेकेनानी गेटपर्यंत दिवस निम्मा सरला. वाटेत नारोकला थांबलो, तर हॉटेलवाला चहाला ‘चाय’, पोळीला ‘चपाती’ आणि गाडीला ‘गारी’ म्हणत होता. आईचा निम्मा धाक तिथंच गेला.

आत शिरल्यावर मात्र मला काही सुचेना. आमच्याकडं जिप्सी थांबवायची, इंजिन बंद करायचं आणि कान द्यायचा. चितळाचा धोक्याचा कॉल आला, वरून वानर खेकसलं, की वाघ कोणत्या नाल्यात आहे ते कळतं. बांबूत दहा फुटांवर बसलेला वाघ दिसत नाही. इथं नजर पोचेल तिथवर गवतच. सवयीनं मी ड्रायव्हरला इंजिन बंद करायची खूण केली. ऐकू आला तो फक्त वारा. ड्रायव्हर तिथल्या गुरं पाळणाऱ्या मसाई लोकांपैकीच होता. त्यानं बोटानं दाखवलं: चार जिराफ, चरणं सोडून उभे, चौघांच्या माना एकाच दिशेला. त्याच्याही पुढं वारुळावर एक टोपी उभा होता. टोपी म्हणजे तिथलं हरणासारखं तांबूस जनावर, मांड्यांवर काळसर निळे डाग. तोही तिकडंच बघत होता.

त्या दिशेनं गेलो तर झुडपाच्या सावलीत सिंहीण, दोन पिल्लं पोटाशी. शिकार खाऊन टम्म झालेली, तोंड उघडं टाकून भराभर श्वास घेत होती, डोळ्यांच्या कडांवर माशा. तिनं मान वळवली तेव्हा कान मागून काळे दिसले. वाघाच्या कानामागं पांढरा ठिपका असतो, पाहुण्यांना मी तो रोज दाखवते. माझे हात थरथरत होते, एकही फोटो धड आला नाही.

मारा नदीवर तीन तास बसलो. टांझानियातल्या सेरेंगेटीकडून दरवर्षी लाखो विल्डबीस्ट, म्हणजे गुरांसारखी दिसणारी रानजनावरं, फिरत येतात. त्यातले हजारो आमच्यासमोर काठावर येऊन थबकले. पुढचं एक पाण्यात पाय घाले, मागं घेई. शेवटी सगळा कळप फिरला आणि धुळीत दिसेनासा झाला. आई म्हणाली, “नाल्याले पूर आला का आपले ढोरंबी असेच थबकते.”

ती आधीपासून ढोरंच शोधत होती. राखीव क्षेत्राला कुंपण नाही, बाहेर लगेच मसाईंच्या गाई चरतात. चार वर्षांपूर्वी आमची कालवड वाघानं धुऱ्यावरून नेली, तेव्हापासून आई संध्याकाळी गोठा दोनदा मोजते. म्हणून ड्रायव्हरनं आम्हाला त्याच्या घरी नेलं. गाईंच्या वाड्याभोवती काटेरी फांद्यांची छातीइतकी कुपाटी होती. आईनं एक काटा बोटानं दाबून पाहिला आणि म्हणाली, “बाभूळच हाय.”

त्याची जमीन एका कॉन्झर्व्हन्सीत आहे. शेजाऱ्यांनी जमिनी एकत्र केल्या, कॅम्पवाले एकराच्या हिशेबानं दरमहा भाडं देतात, चराई ठरवून होते. आमच्या बफरमधल्या, म्हणजे कोअरभोवतीच्या पट्ट्यातल्या, शेतकऱ्याला जंगलाचे पैसे मिळतात ते बहुधा जनावर मेल्यावर किंवा धान रानडुकरांनी लोळवल्यावर. वाघ जिवंत आहे म्हणून महिन्याला पैसे घरी यावेत, हे आमच्याकडंही व्हायला पाहिजे. मी ग्रामसभेत हे बोलणार आहे.

ड्रायव्हरनंच रिचर्ड तुरेरेची गोष्ट सांगितली. हा मसाई पोरगा नैरोबी नॅशनल पार्कला लागून राहायचा. अकरा वर्षांचा असताना त्यानं गाडीची जुनी बॅटरी, सोलर पॅनल आणि मोटारसायकलच्या इंडिकेटरची पेटी जोडून वाड्याभोवती उघडझाप करणारे दिवे लावले. कोणी माणूस टॉर्च घेऊन फिरतो आहे असं सिंहाला वाटावं म्हणून.

“वाघ भिते का अशा दिव्यानं?” आईनं विचारलं. ड्रायव्हरनं कधी वाघ पाहिलेला नव्हता. मी म्हटलं, “लावून पाहू, आई.”

परत आल्यावर माझ्या पोरानं चार दिवे जोडले. आता आई रात्री उठते, दारातूनच पाहते, चारही लुकलुकताना दिसले की पुन्हा आडवी होते.