तुम्ही विचारलंत म्हणून: मी अजून त्या समितीत का?

"तुमचे कोणी ऐकत नाही, मग पंचायतीच्या त्या जैवविविधता समितीत बसता कशाला?" हा प्रश्न मला बाजारात, लग्नाच्या मांडवात आणि एकदा तर तेराव्याच्या पंगतीतही विचारला गेला आहे. त्यामागची कीव मला कळते आणि 'यात तुमचा काय फायदा' हा दडलेला सूरही कळतो. फायदा म्हणाल तर बैठकीत चहा आणि मिरचीभजी मिळतात. मूळ प्रश्नाचे उत्तर मात्र मी आजवर टाळत आले.

आमच्या गोव्यातल्या पंचायतींची जैवविविधता व्यवस्थापन समिती 2002 च्या जैवविविधता कायद्याने आली आणि 2004 च्या नियमांनी तिचे मुख्य काम ठरवले: गावाची जैवविविधता नोंदवही तयार करणे. विचारले तर सल्ला द्यायचा. कुंपण काढण्याचा किंवा बांधकाम थांबवण्याचा अधिकार नाही. राष्ट्रीय हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ही मुदत घातल्यावर अनेक ठिकाणी नोंदवह्या टेबलावर बसून भरल्या गेल्या. आम्ही सड्यावर, म्हणजे गावच्या कातळपठारावर, पायी फिरलो आणि वनस्पतींबरोबर त्यांच्याकडे जाणाऱ्या वाटाही लिहून काढल्या, कारण वाट गेली की कवंडळासारखे रानफळ कुठे लागते हे सांगणारे माणूसही पुढच्या पिढीत उरत नाही.

आता सड्यावरच्या त्या फाटकाविषयी, कारण तुमचा खरा रोख तिकडेच असतो.

चतुर्थीला आठवडा उरला असताना माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळा-फुलांच्या मंडपीचे, सामान आणायला गेलेल्या बायकांना चिऱ्याच्या दोन नव्या खांबांमध्ये कुलूप लावलेले लोखंडी फाटक दिसले. जमीन विकली गेली होती, हे गावाला माहीत होते. वाटही तिच्याबरोबर विकली गेली, असे कोणी धरले नव्हते. तक्रार आली, पाहणी ठरली, आणि भर पावसात आम्ही सारे तिथे उभे राहिलो. मालकाच्या माणसाने प्लास्टिकच्या पिशवीतून सर्व्हेचा नकाशा काढून छत्रीखाली उलगडला. नकाशात वाट नव्हती. आमच्या पायांखाली मात्र पिढ्यान्‌पिढ्यांच्या आणि गुरांच्या वर्दळीने झिजलेला दगड होता, वीतभर खोल, आणि त्या खाचेतून तांबडे पाणी वाहत होते. त्या गृहस्थांनी तिकडे बोट दाखवून शांतपणे सांगितले, की हा पावसाळी व्हाळ, म्हणजे ओहोळ, आहे. मी आमच्यातल्या सर्वांत वयस्क बाईंकडे पाहिले. नोंदवहीतली त्या वाटेची सगळी माहिती त्यांनीच सांगितलेली. त्यांनी फाटकाजवळच्या रखवालदाराकडे नजर टाकली, तो त्यांचा सख्खा भाचा, आणि म्हणाल्या, "आतां थंय कोण वता, बाय?" म्हणजे, आता तिकडे जाते तरी कोण?

मला त्यांचा राग आला नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. त्या घरात येणारा नियमित पगार तेवढा एकच आहे, हे मला तेव्हाही ठाऊक होते.

आम्ही वाट खुली ठेवण्याची लेखी शिफारस केली. पुढे माहिती अधिकारात त्या जमिनीवरच्या प्रकल्पाची फाईल हाती आली, तेव्हा तिच्यात आमची शिफारस नव्हती. 'स्थानिक समितीसह पाहणी केली, वाट आढळली नाही' एवढेच वाक्य होते, आणि त्याला आमच्या हजेरीच्या सह्यांचा कागद जोडलेला होता. शिक्का मारायला तुम्हाला बोलावतात, असे जे तुम्ही म्हणता, त्याला माझ्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हते.

नोंद झाली की वाट वाचली, असे मी पूर्वी ग्रामसभेत ठासून सांगत असे. तसे सांगणाऱ्या तेव्हाच्या माझ्याशीच आज माझे भांडण आहे. अडवलेल्या वाटेसाठी 1966 च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली दाद मागता येते, आणि तिथे आमची नोंद पुरावा म्हणून ठेवता येईल. पण दाद मागायची ती वाट वापरणाऱ्याने, आणि अर्जावर नाव घालायला कोणी तयार नाही. मी का घालत नाही, असे विचारण्याआधीच सांगते: माझी माटोळी गेली कित्येक वर्षे डिचोलीच्या बाजारातून येते. उलटतपासणीत हे पहिल्याच प्रश्नाला बाहेर पडेल.

मी उठले तर त्या जागी कुठेही सही करणारा माणूस बसेल, हा माझा नेहमीचा बचाव. तो मलाही पुरता पटत नाही, कारण खुर्ची न सोडणारा प्रत्येक जण हेच म्हणत आला आहे. तरीही त्या नोंदवहीत आणखी वाटा आहेत, त्यांतल्या काहींवर अजून फाटक नाही, आणि पुढच्या पाहणीला हजेरीचा कागद वेगळा न ठेवता शिफारशीखालीच सह्या व्हाव्यात, एवढा ठराव मी बैठकीत करून घेतला आहे. तो पाळला जाईल, याची हमी मी देत नाही.

येत्या ग्रामसभेत नोंदवहीतील वाटांची पाने इतिवृत्ताला जोडावीत, अशी मागणी मी मांडणार आहे. ती फेटाळली गेली, तर हाच प्रश्न मला पुन्हा विचारायला तुम्ही मोकळे आहात. फक्त त्या रविवारी तुम्ही स्वतः सभागृहात होतात की नाही, हे मी आधी विचारीन.