ब्राझील–माली: मैत्री कापसाची, अडचण गुरांची

ब्राझील आणि माली यांच्या संबंधांबद्दल लिहायचं तर राजदूत आणि करारमदार जरा बाजूला ठेवावेत. या दोन देशांना जोडलं ते कापसाने. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना देत असलेल्या अनुदानाने जगाच्या बाजारात भाव पडतात, ही तक्रार ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत नेली. पुढच्याच वर्षी माली, बेनिन, बुर्किना फासो आणि चाड या चौघांनी तेच गाऱ्हाणं तिथे मांडलं, हे ‘कॉटन-४’. मात्र खटला लढवायची ऐपत ब्राझीलची होती. २०१० मध्ये तडजोड झाली. ब्राझीलने बदला म्हणून अमेरिकी मालावर शुल्क लावू नये यासाठी अमेरिका वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर देणार आणि त्यातला काही पैसा आफ्रिकेतल्या कापूस-सहकार्यावरही खर्चता येणार, असं तेव्हा ठरलं.

मालीतलं काम त्याआधीच, २००९ मध्ये, सुरू झालं होतं. ब्राझीलची सरकारी शेती संशोधन संस्था एम्ब्रापा आणि मालीची राजधानी बामाकोजवळचं सोतुबा संशोधन केंद्र. ब्राझिली वाणांच्या चाचण्या, कीड नियंत्रण आणि विनामशागत शेती, असे तीन विषय. यातला तिसराच सगळ्यात जास्त अडकतो.

ब्राझीलच्या सेराडो या मधल्या गवताळ पट्ट्यात पाऊस ऑक्टोबर ते एप्रिल. जानेवारी-फेब्रुवारीत सोयाबीन निघालं तरी जमिनीत ओल असते, त्यामुळे दुसरं पीक किंवा ब्रॅकियारिया गवत आरामात येतं. ते तणनाशकाने वाळवायचं, नांगर न घालता त्याच आच्छादनात पुढची पेरणी करायची. जमीन झाकली जायला हेक्टरी सहा-सात टन वाळलेला पाला लागतो.

मालीच्या दक्षिणेकडच्या सिकासो भागात पाऊस मे-जूनमध्ये येतो, ऑक्टोबरला संपतो आणि पुढचे बरेच महिने जवळपास कोरडे जातात. म्हणजे आच्छादनाचं पीक वेगळं घ्यायला हंगामच नाही. मग ते आधीच्या वर्षीच्या मक्यात किंवा ज्वारीत घ्यावं लागतं. मका उगवल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ओळींच्या मध्ये ब्रॅकियारिया किंवा ताग पेरायचा. लवकर पेरला तर तो मक्याला दाबतो, उशीर केला तर मक्याच्या सावलीत खुरटतो आणि पाऊस संपेपर्यंत पाला होत नाही.

एवढं जमवलं तरी गुरं आहेतच. कापणीनंतर शेत सगळ्यांच्या जनावरांना मोकळं, हा तिथला जुना रिवाज. दक्षिणेकडे उतरणारे फुलानी गुराखी येतात, गावातले बैल असतात. जानेवारीपर्यंत धाटं फस्त. उरलेलं वाळवी नेते. मेमध्ये शेतात पाहावं तर तांबडी, उघडी, टणक जमीन. अशा जमिनीत न नांगरता पेरलं तर पहिल्या पावसाचं पाणी मुरण्याऐवजी वाहून जातं आणि पीक नांगरलेल्या शेतापेक्षाही मागे पडतं. अर्धवट विनामशागत ही पूर्ण मशागतीपेक्षा वाईट, हे स्पष्ट सांगायला हवं. कुंपण किंवा चराई रोखणारा गावाचा ठराव, यातलं एक आधी, बी नंतर.

अवजारांतही अशीच गंमत. ब्राझीलच्या छोट्या शेतकऱ्याकडे ‘मात्राका’ असते: दोन लाकडी दांडे, खाली पत्र्याची चोच, बाजूला बियाण्याचा डबा. दांडे फाकवून चोच जमिनीत खुपसायची, दांडे जवळ आणले की चोच उघडते आणि बी पडतं. मक्याला झकास. पण तंतू न काढलेली सरकी डब्यात एकमेकींना चिकटते आणि खाली उतरतच नाही. त्यासाठी आम्लाने तंतू काढलेलं बियाणं हवं, नाहीतर सरकी ओल्या मातीत वा राखेत चोळून घ्यावी.

वाणांचा प्रश्न वेगळा. ब्राझीलमध्ये बहुतेक कापूस जनुक-सुधारित आहे, तर मालीत पारंपरिक. त्यामुळे पाठवायची ती साधी वाणंच. शिवाय पश्चिम आफ्रिकेच्या वाणांचा रुईचा उतारा, म्हणजे कापसातून निघणाऱ्या रुईचं प्रमाण, ४२ टक्क्यांच्या आसपास असतो (आपल्याकडे ३३-३५ मिळाला तरी जिनिंगवाला खूश). शेतात बोंडं जास्त दिसली, पण उतारा दोन टक्क्यांनी घटला, तर मालीची कापूस कंपनी ते वाण घेत नाही.

किडींच्या बाबतीत ब्राझीलची विद्या तोकडी पडते. त्यांचा मोठा शत्रू बोंडावरचा सोंडकिडा, तो आफ्रिकेत नाही. उलट हिरवी बोंडअळी ब्राझीलमध्ये २०१३ मध्ये सापडली, ती मालीला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. आणि २०२२ मध्ये मालीचं पीक निम्म्यावर आणलं ते आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या ओळखीच्या तुडतुड्यांनी. पानांच्या कडा पिवळ्या, मग लाल, पान खाली वळलेलं, ही त्यांची लक्षणं. तुडतुड्यांची ही जात तिथल्या कापूसवाल्यांना नवी होती. यावर लवदार पानांची वाणं हा इथला जुना उपाय, आणि त्याबद्दल विचारायचं तर कांपिना ग्रांदीतल्या एम्ब्रापाच्या कापूस केंद्रापेक्षा नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था बरी.

दरम्यान ब्राझील २०२३-२४ च्या हंगामात अमेरिकेला मागे टाकून जगातला सगळ्यात मोठा रुई निर्यातदार झाला. २००३ मध्ये मालीच्या बाजूने बोलणाऱ्या देशाची रुई आता बांगलादेश-व्हिएतनामच्या सूतगिरण्यांत मालीच्याच रुईशी भावात भिडते. ती यंत्राने वेचलेली, एकसारख्या प्रतीच्या मोठ्या लॉटांत येते. मालीची हाताने वेचलेली आणि धाग्याला चांगली, पण प्लास्टिकच्या पोत्यांचे तंतू मिसळले की तिचा भाव कापला जातो. वेचणीला सुती पिशव्या द्यायला फारसा खर्च येत नाही, आणि सहकार्याच्या पुढच्या टप्प्यात सगळ्यात आधी त्याच मागाव्यात.