धडगावला मॅच खेळायला जायचंय? आधी परतीची गाडी बघा

गेल्या हिवाळ्यात आमच्या अमळनेरच्या पोरांना घेऊन सातपुड्यात धडगावला फुटबॉल खेळून आलो. फोटो टाकल्यापासून चोपडा, शिरपूर, पार जामनेरकडून मेसेज येताहेत की भाऊ आम्हालाही जायचंय, कोणाशी बोलायचं, गाडी कुठली, खर्च किती. दर वेळी तेच टाइप करण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

तिथं मॅच खेळणं अवघड नाहीये, तारीख ठरवणं अवघड आहे. बोलणं सुरू झालं आषाढात आणि मॅच झाली मार्गशीर्षात, यावरून काय ते समजा.

मला लहान लहान देशांच्या टीमांचं वेड आहे, भूतान, ग्रीनलंड, अमेरिकन समोआ असली मंडळी. ब्राझील-अर्जेंटिना सगळेच बघतात, मी रात्री बसून ओशनियाचे (पॅसिफिक महासागरातल्या बेटांकडचे) निकाल शोधतो, घरचे हसतात. पण त्याचा एक फायदा झाला, धडगावच्या सरांशी (तिथल्या आश्रमशाळेचे शिक्षक, तेच पोरांना जमवतात) फोनवर तारखांचा घोळ घालताना मला सारखं वाटायचं की अरे हे तर सगळं तिकडचंच आहे, फक्त विमानाच्या जागी एसटी आहे.

तर आषाढात आमची पोरं मोकळी होती, म्हणून मी म्हटलं लगेच येतो. सर हसले. पावसाळ्यात तळोद्याकडून येणाऱ्या चांदसैली घाटात दरड कधी येईल सांगता येत नाही, म्हसावदकडच्या घाटातही धुकं आणि चिखल, वर जाल पण उतराल कधी याची गॅरंटी नाही. आमचे आबा, जे गाडीचं आणि पैशाचं बघतात, त्यांनी लगेच विचारलं, "जासूत रे भो, पण आधी परत कसं येसूत ते सांग." बास, सगळं नियोजन तिथून सुरू करायचं. भूतानचं पारो विमानतळ बघा, डोंगरांमधून नजरेच्या अंदाजाने उतरावं लागतं म्हणून मोठी विमानं दिवसाउजेडीच येतात-जातात. पाहुण्या टीमने रात्रीची मॅच खेळून लगेच निघतो म्हणायची सोयच नाही. आपल्याकडे घाटाचं तेच, अंधार पडायच्या आत एकतर वर असा नाहीतर खाली असा.

मग श्रावण-भादव्यात पाऊस आणि गणपती. दसऱ्याच्या आसपास सरांकडची सगळी पोरं गावात होती, पाऊस गेलेला, घाट मोकळा, एकदम बेस्ट, पण आमच्या कॉलेजवाल्यांच्या परीक्षा. दिवाळीत आमची मोकळी तर तिकडे अस्तंब्याची यात्रा, धनत्रयोदशीपासून अख्ख्या सातपुड्यातली तरुण पोरं अश्वत्थाम्याच्या शिखराकडे चालत निघतात, त्या दिवसात फुटबॉलचं नाव काढायचं नाही. आणि दिवाळी झाली की ऊसतोड.

हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण बाहेरच्या माणसाला हा लक्षातच येत नाही. धडगाव-अक्कलकुव्याकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर गुजरातेत नाहीतर पश्चिम महाराष्ट्रात ऊस तोडायला जातात, ती थेट होळीला परत. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, पोरगं सतरा-अठरा वर्षांचं झालं की तेही कोयत्याला लागतं. सरांचा गोलकीपर असाच गेलेला. आता त्याला मॅचसाठी चार दिवस सोडा असं मुकादमाला कोण सांगणार? फिफाच्या देशांना एक बरं आहे, मार्च, जून, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर अशा ठरलेल्या खिडक्या असतात आणि त्या काळात क्लबला खेळाडू सोडावाच लागतो (२०२६ पासून तर सप्टेंबर-ऑक्टोबर मिळून एकच सोळा दिवसांची मोठी खिडकी केलीय, चार मॅचची. लांबून येणाऱ्यांना एका फेरीत जास्त मॅच मिळतात, मला हे पटलं). पण ग्रीनलंड फिफात नाही, त्यांच्या पोरांना सोडायची कोणावर सक्ती नाही, ज्याने त्याने आपापल्या नोकरीतून रजा काढायची. त्यांनी उत्तर अमेरिकेच्या कॉन्ककॅफ संघटनेकडे अर्ज केला होता, तोही २०२५ मध्ये नाकारला.

आणि अमेरिकन समोआचं तर सगळ्यांना फक्त ३१-० आठवतं. एप्रिल २००१, कॉफ्स हार्बर, ऑस्ट्रेलियाने एकतीस गोल मारले, त्यात आर्ची थॉम्पसनचे एकट्याचे तेरा. लोक हसतात. पण ती टीम तशी का होती ते कोणी विचारत नाही. अमेरिकेचा पासपोर्ट नसलेले खेळाडू ऐन वेळी अपात्र ठरले, मूळ टीममधला गोलकीपर निकी सलापू तेवढा उरला, वीस वर्षांखालची पोरं घ्यावी तर त्यांच्या शाळेच्या परीक्षा, मग मिळतील ती कोवळी पोरं घेऊन गेले. तारीख चुकीची पडली की टीमचं काय होतं त्याचं यापेक्षा मोठं उदाहरण मला माहीत नाही. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये तिकडे मॅच ठेवायचा विचार करू नका, बारावी-दहावी असते, आणि होळीच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार (आदिवासींचा होळीचा बाजार), मग काठी गावची राजवाडी होळी, मग गावोगावच्या होळ्या. तेव्हा जायचं तर होळी बघायला जा, बूट घरी ठेवा. चैत्र-वैशाखात खाली शहाद्या-तळोद्याला ऊन असं की विचारू नका आणि वर घरोघरी कैऱ्या कापून आमचूर वाळवायचं काम. म्हणजे सगळं वजा करत गेलं तर दसरा ते दिवाळी एवढीच चांगली फट उरते. आम्हाला ती मिळाली नाही, आम्ही मार्गशीर्षात गेलो, अकराच्या ऐवजी नऊ-नऊ खेळलो. खेळायचंय तर आकड्याचा हट्ट धरू नका.

आता प्रवास. अमळनेरहून सकाळच्या गाडीने नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा करत नंदुरबार. दोंडाईचाला उतरून सारंगखेड्यावरून शहादा जवळ पडतं, पण मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा आणि घोड्यांचा बाजार, त्या पुलावर गाडी अडकली की संपलं, म्हणून आम्ही नंदुरबारवरून प्रकाशामार्गे गेलो. नंदुरबारच्या बाहेर मिरचीच्या पथाऱ्या लागतात, लांबच लांब लाल रान, फोटोला भारी आहे पण आमचा लेफ्ट बॅक तिथून शहाद्यापर्यंत शिंकत होता. शहाद्याला शेवभाजी खाऊन घ्या, पण वर जायचंय हे लक्षात ठेवून खा, म्हसावदच्या पुढे वळणं सुरू झाली की तर्री आठवण करून देते.

शहाद्याहून वर जायला एसटी आहे आणि क्रूझर-जीप आहेत. एसटीचं लोकांना एक माहीत नसतं, संध्याकाळची मुक्कामी गाडी वर जाऊन तिथंच थांबते आणि पहाटे खाली येते. तुमचा परतीचा प्लॅन त्या पहाटेच्या गाडीवर बसवा, म्हणजे खेळून झाल्यावर रात्री तिथंच राहा आणि सकाळी उतरा. गाड्यांच्या वेळा बदलतात, त्यामुळे डेपोत फोन करून विचारा, मोबाईलवर दिसणाऱ्या वेळेवर विसंबू नका. टीम मोठी असेल तर क्रूझर ठरवा, भाडं जाऊन-येऊनचं आणि मुक्कामासकट आधीच बोला. आम्ही आधी जिच्याशी ठरवली होती ती एक गाडी, नाव नाही घेत, आदल्या रात्री लग्नाच्या वऱ्हाडाला गेली. आबांनी शहाद्यात उभ्या उभ्या दुसरी केली, दीड तास गेला तेवढा.

एवढ्या लांब जाऊन एकच मॅच खेळून यायचं म्हणजे डोक्याला ताप आणि खिशाला भोक, म्हणून दोन दिवसात तीन मॅच ठेवल्या, धडगावची टीम, मोलगीकडून आलेली पोरं आणि आम्ही, तिघांनी एकमेकांशी. हे मी ओशनियावरूनच उचललं. तिकडे बेटं इतकी लांब लांब की एक मॅच आपल्याकडे, एक त्यांच्याकडे असं परवडत नाही, सगळ्यांना एका गावात गोळा करतात आणि थोड्या दिवसात उरकतात. २०२२ मध्ये तर कोविडमुळे ओशनियाची वर्ल्डकपची पात्रता फेरी थेट कतारला दोह्यात घेतली, त्यांच्या बेटांपासून अर्ध्या जगावर. ग्रीनलंडमध्येही गावांना जोडणारे रस्ते नाहीत, बोटीने नाहीतर विमानाने जायचं, म्हणून त्यांची राष्ट्रीय स्पर्धेची शेवटची फेरी एका गावात आठवडाभरात संपवतात. यात धोकाही आहे म्हणा, त्या दोह्याच्या वेळी वानुआतूच्या टीममध्ये कोविड निघाला आणि त्यांना न खेळता माघार घ्यावी लागली, घरच्या मैदानावर पुढे ढकलता आली असती. म्हणून आमच्या वेळी मी सरांना म्हटलं की एखादी टीम नाही आली तरी उरलेल्या दोघांच्या दोन मॅच होतील असं वेळापत्रक करू. मोलगीवाले पहिल्या दिवशी दुपारपर्यंत आलेच नाहीत, जीप भरल्याशिवाय ड्रायव्हर निघेना, तेव्हा हे कामी आलं.

मैदानाचं सांगतो. आश्रमशाळेचं मैदान हवं असेल तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, आणि प्रकल्पस्तरीय क्रीडा स्पर्धांच्या तारखा आधी विचारा, त्या काळात मैदान पण नाही आणि सर पण नाहीत. मैदान म्हणजे मुरूम आणि खडी. लांब स्टडचे बूट नेऊ नका, घोटा जाईल, आमच्या दोघांचं झालं. बारीक रबरी खड्यांचे टर्फ शूज चालतात, तिकडची निम्मी पोरं अनवाणी खेळली आणि आमच्यापेक्षा वेगाने पळाली. चेंडू दोन जास्तीचे न्या, एका बाजूला उतार आहे, खाली गेला की आणणाऱ्याला वेळ लागतो. रेफ्री तुमचा नको त्यांचा नको, शहाद्याहून तिसरा माणूस न्या, आम्ही एका रिटायर पीटीच्या सरांना नेलं, त्यांचं जेवण आणि प्रवास आपल्याकडे. मॅच सकाळी लवकर ठेवा, दुपारी सगळेच गळतात. बाजाराचा वार आधी विचारा, त्या दिवशी ना जीप मिळते ना प्रेक्षक.

राहायची सोय शाळेत झाली, सतरंज्या होत्या पण थंडी कडक, तोरणमाळ साधारण अकराशे-साडेअकराशे मीटरवर आहे, धडगाव त्याहून खाली पण रात्री पांघरूण लागतंच. जेवायला भाकरी, डाळ, मिरचीचा ठेचा. आपण किराणा घेऊन जा आणि तिकडच्या बाईंना स्वयंपाकाचे पैसे द्या, फुकट जेवून येऊ नका. रोख पैसे शहाद्यालाच काढा. रेंज धडगावात आहे, बाहेर पडलं की भरवसा नाही, त्यामुळे "पोचल्यावर फोन करतो" असं काही ठरवू नका, किती वाजता कुठं ते आधीच पक्कं करा.

निकाल म्हणाल तर धडगावकडून ३-१ हरलो, मोलगीशी बरोबरी. ते दोघं आपसात खेळले ती मॅच सगळ्यात भारी झाली, आम्ही बाहेर बसून शेंगा खात बघितली.

पुढच्या खेपेला आम्ही वर जाणार नाही, शहाद्याला खेळणार. त्यांची बरीच पोरं शहाद्या-नंदुरबारच्या होस्टेलला शिकायला आहेत, मग सगळ्यांनी घाट चढायचा कशाला? मार्शल आयलंड्सने हेच केलं, २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या राष्ट्रीय टीमने पहिल्या मॅच खेळल्या त्या बेटांवर नाही तर अमेरिकेतल्या आर्कान्सामध्ये, स्प्रिंगडेल गावात, कारण तिथं त्यांची माणसं मोठ्या संख्येने राहतात. सरांना हे सांगितलं तर म्हणाले ठीक आहे, पण मग त्याच्या पुढच्या वेळी तुम्ही वर यायचं, आमच्या म्हाताऱ्यांनाही मॅच बघायचीय. हे रास्त आहे. एक खाली, एक वर, असं ठरलंय, आणि वरची दसऱ्यानंतर.

तुम्ही गेलात तर क्रूझरवाल्याचा नंबर मागू नका, इथं टाकणार नाही. पाठीवर चेंडूंची जाळी घेऊन शहाद्याच्या स्टँडबाहेर उभे राहा, तोच तुम्हाला शोधत येईल, आणि जो भाव सांगेल त्याच्या तीन चतुर्थांशावर बोलणी सुरू करा.