तुम्ही विचारलंत म्हणून : जुन्या स्टिरिओ कार्डांतली मेलनेशियाची घरं

‘दोन जवळपास सारखेच फोटो शेजारी चिकटवलेत, त्यातून घराबद्दल एका फोटोपेक्षा जास्त काय कळणार?’ स्टिरिओ कार्डं पाहणाऱ्यांचा हा नेहमीचा प्रश्न. हे दोन फोटो किंचित वेगळ्या जागांवरून घेतलेले असतात; दोन भिंगांच्या दर्शकातून पाहिले की त्यांचं मिळून एकच, खोली असलेलं चित्र दिसतं. मेलनेशियातल्या, म्हणजे फिजी, न्यू कॅलेडोनिया अशा प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या घरांपुरतं उत्तर असं की घराचा घेर, म्हणजे पुढं-मागं पसरलेला आकार कळतो, आणि तिथं घेर फार बोलका असतो.

फिजीच्या पूर्व भागातल्या लाऊ बेटांवर शेजारच्या टोंगा बेटांच्या प्रभावामुळे घराची दोन्ही टोकं गोलाकार असत. विती लेवू या फिजीच्या सर्वांत मोठ्या बेटाच्या किनाऱ्यावरची घरं मात्र लांबट चौकोनी. समोरून ऊन असलं की साध्या फोटोत ही दोन्ही सारखीच सपाट दिसतात; भिंगांतून पाहिलं की गोल टोक मागं वळत जातं. आढ्याचंही तसंच. ते दोन्ही बाजूंना शाकारणीबाहेर काढून त्याच्या टोकांना झाडासारख्या वाढणाऱ्या नेच्याचं काळं खोड लावत, मानाच्या घरांवर पांढऱ्या कवड्याही बांधत. एका फोटोत हे टोक मागच्या माडांत हरवतं, जोडीत सुटं होऊन पुढं येतं. दगडांनी बांधून काढलेल्या जोत्याकडे तर आधी पाहावं: सरदाराचं जोतं उंच असे, आणि ही उंची भिंतीपासून वेगळी दिसते ती जोडीतच.

पण कार्ड बरोबर चिकटवलेलं आहे का, हे आधी तपासा. भिंगामुळे निगेटिव्हवर प्रतिमा उलटी पडते, म्हणून छापताना डावं आणि उजवं चित्र यांची अदलाबदल करावी लागते. ते राहिलं की वळचण भिंतीच्या मागं जाते आणि दारातला माणूस घरात रुतल्यासारखा दिसतो. फूटपट्टी पुरते. दोन्ही चित्रांतल्या एकाच डोंगरमाथ्यामधलं अंतर मोजा, मग अंगणातल्या एकाच दगडामधलं. जवळच्या वस्तूचं अंतर कमी भरलं पाहिजे. जास्त भरलं तर बाजू उलट्या आहेत.

खोली, म्हणजे पुढचं-मागचं अंतर, मोजताही येते, पण मर्यादेत. समजा, कॅमेऱ्याच्या दोन भिंगांमधलं अंतर 70 मिमी आणि नाभीय अंतर (साधारण भिंगापासून निगेटिव्हपर्यंतचं) 125 मिमी आहे. 7 मीटरवरच्या वळचणीचा दोन चित्रांतला सरक 1.25 मिमी येतो, तिच्या 60 सेंमी मागच्या भिंतीचा 1.15. फरक 0.1 मिमीचा! इंचाला 1200 बिंदूंनी स्कॅन केलं तर तो पाच बिंदूंतही भरत नाही, म्हणून 2400 घ्यावेत. छापखान्यातल्या ठिपक्यांच्या स्वस्त कार्डावर हा खटाटोप व्यर्थ आहे; तिथं ठिपकाच याहून मोठा असतो. अस्सल छायाचित्रछाप हवी. 1880 च्या आसपासपासूनची बरीच कार्डं मुद्दाम वाकवलेली असतात, मोजणीला सपाट कार्ड बरं.

रंगांबाबत मात्र जोडीही हात टेकते. जुन्या काचेच्या निगेटिव्हांना निळा प्रकाश कळे, तांबडा जवळजवळ नाही. खांबावर काळ्या, तांबड्या आणि नैसर्गिक रंगाच्या सुंभाची नक्षी गुंडाळलेली असे, फिजीत या सुंभाला मांगीमांगी म्हणतात. काळा-तांबडा एकच होतो आणि नक्षीचा अर्धा भाग पुसला जातो. आतला काळोखही तसाच राहतो, कारण दार बुटकं आणि उजेड बाहेर. म्हणून या कार्डांवरून आतल्या खांबांची मांडणी कुणी ठामपणे सांगत असेल, तर मान्य करू नये.

न्यू कॅलेडोनियातल्या कनाकांच्या, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, गोल घरात मात्र बाहेरूनही आतला अंदाज बांधता येतो. शंकूसारख्या छपराचा माथा मध्यखांबावर टेकलेला असतो, त्यामुळे जोडीत माथा नेमका कुठं आहे ते दिसलं की खांबाची जागा कळली.

वाकलेलं कार्ड काचेखाली कधीही दाबू नका, चित्राचा थर तडकतो. वरून कॅमेऱ्यानं फोटो घ्या, दोन्ही बाजूंचे दिवे 45 अंशांत ठेवा.