पांढऱ्या जागेचे पैसे

मंगळवार, रात्री साडेअकरा

आज वडशाला (गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज) जाऊन आलो, फ्लेक्सवाल्याकडं. आपल्या गावच्या सिनेमा महोत्सवाचा (तीन दिवस, नऊ सिनेमे, शाळेचा हॉल, पडदा म्हणून शिवून घेतलेलं मांजरपाट) लोगो आणि बॅनर गेल्या पंधरा दिवसांपासून माझ्या डोक्यावर बसलाय. आधी रीळ काढली, मग कॅमेरा, मग ती दोन्हीकडची पानांची डहाळी जी जगातल्या प्रत्येक फेस्टिवलच्या पोस्टरवर असते. सगळं बघून मलाच कंटाळा आला. रीळ तर आमच्या इथल्या पोरांनी बघितलेली पण नाही.

शेवटी काय केलं, फक्त एक रिकामी चौकट ठेवली. जुन्या सिनेमाची १.३७ ला १ वाली, म्हणजे जवळपास चौकोनीच. आणि नाव तिच्या खाली लटकवलं, चौकटीची खालची रेघ हीच शिरोरेषा. हे सुचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी एकटाच हसत बसलो होतो. इंग्रजी अक्षरं रेघेवर उभी राहतात, आपली लटकतात, दोरीवरच्या कपड्यांसारखी, मग पडद्याला लटकवायला अजून काय पाहिजे? फॉन्ट 'मुक्त' नावाचा घेतला, फुकट आहे आणि सात वजनांत, म्हणजे बारीक ते जाड अशा सात जाडींत, मिळतो. बारीक वजन छान दिसत होतं पण व्हॉट्सॲपच्या डीपीत रेघच गायब, वर गोल कापणीत चौकटीचे कोपरे पण गेले. म्हणून जाड घेतला आणि चौकट लहान केली.

फ्लेक्सवाला रोज झाडीपट्टीच्या (म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या) नाटकांचे बॅनर छापतो, दिवाळीनंतर त्याला जेवायला फुरसत नसते. त्या बॅनरवर बोटभर जागा रिकामी सापडणार नाही, नट-नट्यांची मुंडकी, नाटकाचं नाव लाल-पिवळं, आणि खरं सांगू, लांबून एसटीतून पण वाचता येतं. माझं आठ बाय सहाचं बघून म्हणे, "भाऊ, येवढं पांढरं काहाले सोडलं? पैसे त पुऱ्या फुटाचेच लागतीन."

मी म्हटलं तोच पडदा आहे.

"मंग शुभेच्छुक टाकून देऊ का तिथं? चार फोटो आरामात बसते."

नाही म्हटलं. जरा तोऱ्यातच म्हटलं. चौकट, शिरोरेषा, सगळं समजावलं, त्यानं मान हलवत ऐकून घेतलं, पुन्हा एकदा स्क्रीनकडं बघितलं.

"बरं हाय. पण टाइम किती वाजताचा हाय?"

वेळ टाकलीच नव्हती.